हाताला गुण न्हाय

ऊसतोडीची टोळी अर्धा फड तोडून निघून गेली, तेव्हापासून नेमगोंडा पाटलाच्या घरात कुणी कुणाशी सरळ बोलत नव्हतं. उरलेल्या उसाला तुरे आले होते. दुसरी टोळी मिळेना. शेजारचा गुऱ्हाळवाला म्हणाला, रोज थोडा थोडा आणून टाका, घेतो. मग नेमगोंडानं घरातल्या सगळ्यांच्या हातात कोयते दिले. सगळे म्हणजे तो, त्याची बायको अक्काताई आणि थोरली दीपा. धाकटी आदिती वडगावला मावशीकडं शिकायला होती, ती सुटली.

दीपा बुडख्याला वाकून कोयता मारायची, ऊस डाव्या हातात ओढायची, शेंडा उडवायची. बाह्या मनगटापर्यंत ओढल्या तरी पाचटाची कुसं आत शिरायचीच. मानेवर घाम उतरला की सगळं अंग पेटल्यासारखं व्हायचं. माघ सरत आला होता आणि ऊन आत्ताच चैत्रासारखं लागत होतं.

अरिहंत बांधावर येऊन उभा राहिला तेव्हा दुपार झाली होती. तो दीपाचा चुलतभाऊ. शाहूपुरीत त्याचं मोबाईलच्या सामानाचं दुकान होतं. गाडी त्यानं लांब सावलीत लावली होती आणि धुळीमुळं नाकावर रुमाल धरला होता.

"दीपा, हिकडं ये जरा. तुझं काम आणलंय," तो म्हणाला. "दुकानाच्या वरच्या मजल्यावर टॅक्सचं ऑफिस हाय. पंख्याखाली बसायचं, कॉम्प्युटर चालवायचा. पयली दोन वर्सं सायेब म्हणंल त्याला व्हय म्हणायचं, बास. नोकरीत असंच असतंय. तोंड गप, मान खाली. मग आपोआप वर जातीस."

"मी जनावरांचं शिकलोय, दादा."

"शिकलीस ते चुकलीस. अजून वेळ गेली न्हाय."

नेमगोंडानं मोळी बांधता बांधता मान वर केली. "ऐक त्याचं. चार माणसांत फिरलेला हाय त्यो."

दीपानं कोयता मोळीवर टेकवला. हे आठ दिवस तिनं पोटात ठेवलं होतं. आता ठेवण्यात अर्थ नव्हता. "मी दूध संस्थेला व्हय म्हटलंय, अण्णा. सोमवारपासनं जायाचं."

"संस्थेत? काट्यावर दूध मोजायला?"

"न्हाय. म्हशी भरवायला. कृत्रिम रेतन."

अरिहंतच्या रुमालाआडून हसू फुटलं. ते नसतं फुटलं तर नेमगोंडा कदाचित नुसता ओरडला असता. त्यानं हातातला ऊस उचलला आणि भिरकावला. तो दीपाच्या नडगीवर बसला.

"बस्तीच्या देवळात रोज देवापुढं उभारतो मी. बाजूचा माणूस इचारंल, नेमगोंडा, पोरगी काय करती? काय सांगू? आँ? म्हशीच्या ढुंगणात हात घालत गावभर फिरती म्हणून सांगू?"

"हंबीरकाका इतकी वर्सं त्येच करत्यात. त्यास्नी तुम्ही डॉक्टर म्हणतासा."

"त्यो गडी हाय!"

अक्काताईनं कोयता थांबवला नव्हता. तोडता तोडताच ती म्हणाली, "संस्थेत एक दिवस सुट्टी असती म्हणं. शुक्रवारी ती दिवसभर फडात येईल. बाकीचं बाकीच्यांनी बघावं."

"आणि दिवस मावळायच्या आत घरात," नेमगोंडा म्हणाला. "मावळल्यावर चूल बंद. तुझ्या नोकरीसाठी जैनाचा धरम बदलणार न्हाय."

अरिहंत आपल्या गाडीकडं गेला. जाताना म्हणाला, "पंख्याखालची जागा एकदा गेली की गेली बघ." दीपानं नडगी चोळली आणि पुन्हा वाकली.

सोमवारी ती संस्थेत गेली तेव्हा हंबीरराव तिथं बाकावर बसून होता. गावातल्या सगळ्या म्हशी-गाई आजवर त्यानंच भरवल्या होत्या. काम एकट्याला आवरत नाही अशा तक्रारी वाढल्या म्हणून संस्थेनं खालची आळी दीपाला दिली होती. त्याला ते कुणी विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. इतक्या वर्षांच्या कामानं त्याचा डावा खांदा खाली उतरला होता आणि बोलताना तो सारखा तिकडच्या हातानं मांडी चोळायचा.

"ये, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. दूध घालायला आलेली माणसं किटल्या घेऊन उभीच होती, त्यांना ऐकू जाईल असा आवाज त्यानं लावला. "डिप्लोमा केलास, बरं झालं. आता खरं काय त्ये ऐक. झाकण सारखं उघडायचं न्हाय, नायट्रोजन उडतोय. काडी घालून मोजत बसायचं न्हाय, लोक म्हणत्यात शिकाऊ हाय. मालकाला उलट प्रश्न न्हाय. आणि रडायचं न्हाय. रडलीस की घर गाठायचं."

"बरं, काका."

"आणि लगीन ठरलं की आधी मला सांगायचं. म्हंजे मला माझी आळी परत घेता ईल."

माणसं हसली. हंबीररावानं कोपऱ्यातला कॅन पायानंच पुढं ढकलला. ज्या थंडगार नायट्रोजनमध्ये रेड्या-वळूच्या रेताच्या कांड्या बुडवून ठेवतात तो हा कॅन. अंगावर पोचे आलेला, बुडाला गोणपाट गुंडाळलेला. हंबीररावाचा स्वतःचा कॅन बाहेर त्याच्या गाडीला बांधलेला होता, नवा, चकचकीत.

दीपानं वाकून पाहिलं. "काका, ह्येच्या गळ्याला पाणी धरलंय."

"उन्हाळ्यात तुझ्याबी गळ्याला धरंल. घे."

कॅन गळका असेल अशी तिला शंका आली नाही असं नाही. पण पहिला दिवस, एवढी माणसं, आणि समोर सगळ्यांचा डॉक्टर. तिनं कॅन उचलला, स्कूटीच्या फळीवर दोन पायांच्या मध्ये ठेवला आणि निघाली. शनिवारी नायट्रोजनची गाडी आली तेव्हा तिनं मुद्दाम काडी घालून पाहिली. कॅन काठोकाठ भरलेला होता. पांढरा धूर जमिनीवर लोळत होता. मग तिनं मनातली शंका काढून टाकली.

खालच्या आळीत तिला पहिल्यांदा फोन केला तो धोंडुबाईनं. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली बाई. सून वारलेली, मुलगा गोव्याकडं कामाला गेला तो तिकडचाच झालेला, नातू यशराज कोल्हापुरात वसतिगृहात. घरात ती आणि एक म्हैस. म्हैस आटली होती. ती पुन्हा गाभण गेली तरच पुढच्या वर्षी दारात दूध दिसणार होतं.

"हंबीरराव न्हाय आला?" धोंडुबाईनं दारातच विचारलं.

"ही आळी आता माझ्याकडं हाय, काकू."

"तुला जमतंय व्हय ह्ये?"

"जमतंय. कोमट पाणी द्या. सकाळपासनं वरडती का काल रातीपासनं?"

"काल रातीपासनं. हंबीरराव असलं कायबी इचारत न्हवता."

समोरच्या कट्ट्यावर चार गडी येऊन बसले होते. दीपानं खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा हातमोजा चढवला, त्यावर पाणी आणि साबण घेतला. म्हशीनं शेपूट फटकारली, शेणाचा पट्टा तिच्या गालावर उठला. कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं, "हात कुठं घालती बघ, नेमगोंडाची पोरगी." दुसरा म्हणाला, "लगनात नवऱ्याच्या हातात ह्योच हात देणार न्हवं?" दीपानं दात आवळले. आत ऊब होती, दाब होता. म्हैस कळ देत होती आणि तिचं मनगट पिळवटून निघत होतं. बोटांना हवं ते सापडलं. उजव्या हातानं कांडी भरलेली गन सरकवली, हळूच दट्ट्या दाबला आणि हात बाहेर काढला. खांद्यातून कोपरापर्यंत कळ उतरली.

"झालं, काकू."

"बघू," धोंडुबाई म्हणाली. चहाचं काही म्हणाली नाही.

असे दिवस सुरू झाले. फोन आला की निघायचं. काही घरांत तिला पाठीमागच्या दारानं गोठ्यात घ्यायचे. काही घरांत काम झाल्यावर हात धुवायला घरातली बादली देत नसत, जनावरांच्या डोणीतलं पाणी दाखवत. एका ठिकाणी म्हाताऱ्यानं तिला तासभर उन्हात उभं केलं आणि मग सांगितलं, आम्ही हंबीररावाला बोलावलंय. ती उशिरा घरी आली की दिवस मावळलेला असायचा. चूल पुसून ठेवलेली, भांडी पालथी. नेमगोंडा सोप्यात बसलेला असायचा, तिच्याकडं न बघता. पाणी पिणंही बंद असल्यासारखी ती तशीच पडायची. शेणाचा आणि साबणाचा मिसळलेला वास नाकातून जायचा नाही.

असं तीन-चारदा झाल्यावर एका सकाळी अक्काताईनं स्कूटीच्या हँडलला डबा अडकवला.

"दिवस मावळायच्या आत कुठंबी बसून खा. बांधावर खा, देवळात खा. रातीचं म्हणून अन्नावाचून पडायचं न्हाय."

"अण्णा..."

"अण्णास्नी मी इचारलं न्हाय."

म्हशी उलटू लागल्या, म्हणजे पुन्हा माजावर येऊ लागल्या, त्या फाल्गुनात. एकवीस दिवस झाले की भरवलेली म्हैस शांत राहायला हवी. दीपानं भरवलेली एकेक म्हैस पुन्हा ओरडू लागली. धोंडुबाईची ओरडली. तिच्या पलीकडल्या घरची ओरडली. दीपानं पुन्हा भरवलं, आणि दुसऱ्या खेपेलाही तेच. आळीत बायका आडावर, गडी कट्ट्यावर, एकच वाक्य फिरू लागलं. हाताला गुण न्हाय. हंबीररावानं ते कुठं सांगितलं असेल नसेल, पण कुणी विचारलं की तो मांडी चोळत म्हणायचा, "पोरगी हुशार हाय. पण गुण देवानं द्यावा लागतोय."

दीपा प्रत्येक खेप मनात उलगडून पाहायची. पाणी जास्त गरम होतं का? बोटं कुठं चुकली? ती स्वतःचाच हात उजेडात धरून बघायची, जणू त्यावर काही लिहिलेलं असेल.

घरची काळी म्हैस माजावर आली त्या दिवशी ती फडातून वाड्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन येत होती. दारात हंबीररावाची गाडी दिसली. गोठ्यात नेमगोंडानं म्हशीचं शेपूट धरलं होतं आणि हंबीरराव बाही वर करत होता.

"आलीस व्हय?" हंबीरराव म्हणाला. "जरा कोमट पाणी आण की."

दीपानं बापाकडं बघितलं. नेमगोंडानं शेपटाकडं बघितलं. भारा तिच्या डोक्यावर तसाच होता, वाड्याची कडा कपाळात रुतत होती. तिनं तो खाली टाकला, आत गेली, पाणी कोमट केलं, बोट बुडवून बघितलं आणि आणून दिलं. हंबीररावानं काम उरकलं. "बघत ऱ्हा, शिकशील," असं म्हणून त्यानं हात धुतले. अक्काताईनं त्याला चहा दिला. कप परत घेताना तिनं तो असा आपटला की कान तुटला.

पुढच्या शुक्रवारी भर दुपारी धोंडुबाईचा फोन आला. फडात शेवटच्या चार सऱ्या उरल्या होत्या.

"पुन्यांदा उलटली बघ. तिसरी खेप. तू ईत असशील तर ये, न्हायतर मी हंबीररावाचं पाय धरतो."

"आज शुक्रवार हाय," नेमगोंडा म्हणाला. त्यानं फोनमधला आवाज ऐकला होता. "ठरलंय त्ये ठरलंय. हालायचं न्हाय."

दीपानं कोयता सरीत रोवला आणि चालू लागली. पाठीमागून शिवी आली. ती थांबली नाही. अंगावर पाचट, केसांत तुरे, तशीच घरी आली आणि खोपीतल्या कॅनचं झाकण काढलं.

धूर आला नाही.

तिनं कॅन हलवला. आत काही डुचमळलं नाही. काडी घातली, तळाला टेकवली, बाहेर काढली. काडीवर हिमाचा कणही नव्हता. ती साधी, कोरडी, उन्हाळ्यातली काडी होती.

दीपा तिथंच खोपीत बसली. नोकरी लागल्यापासून दर शुक्रवारी ती फडात होती. दर शनिवारी सकाळी गाडी येऊन कॅन भरून जायची, आणि मगच ती झाकण उघडायची. शनिवार ते गुरुवार धूर निघायचा. मधल्या शुक्रवारी हा फुटका कॅन कोरडा पडायचा आणि आतल्या कांड्या मरायच्या. मेलेल्या कांड्या पुन्हा थंड केल्या म्हणून जिवंत होत नाहीत. ती दोन महिने दारोदार मेलेलं रेत घालत फिरली होती.

आधी तिला बरं वाटलं. हात चुकला नव्हता. मग आळीतली एकेक म्हैस डोळ्यांपुढं आली आणि बरं वाटणं संपलं.

ती धोंडुबाईकडं गेली, रिकाम्या हातानं.

"सामान कुठं हाय?" धोंडुबाई म्हणाली.

"काकू, आज भरवत न्हाय. माझ्याकडच्या कांड्या मेल्यात. आधीच्या दोन खेपाबी मेलेल्याच हुत्या. कॅन खराब हाय. मी शुक्रवारी उघडून बघितला न्हाय, ही चूक माझी."

धोंडुबाई शेणाची पाटी उचलत होती. ती तशीच अर्धी वाकून राहिली. "म्हंजे माझी म्हस दोन म्हैनं नुसती खाऊन ऱ्हायली?"

"व्हय."

"आणि तू आत्ता सांगतीस?"

"मला आत्ता कळलं."

धोंडुबाईनं पाटी दीपाच्या पायांवर उलटी केली. ओलं शेण चपलांत शिरलं, पायजम्यावर चढलं. "एका म्हशीवर जगतो मी! मला काय उसाचा फड हाय तुझ्या बापासारखा? शिकायची हौस आली तर आपल्या घरच्या जनावरावर शिकायचं हुतं!"

घरच्या जनावराला मला हात लावू देत नाहीत, हे दीपाच्या ओठांवर आलं होतं. तिनं गिळलं. "आजचा माज सोडू नका, हंबीरकाकास्नी बोलवा. त्येंचा कॅन चांगला हाय."

"त्ये मी बघतो. तू चल हिथनं."

पण हंबीरराव त्या दिवशी सोयऱ्यांकडं गेला होता. धोंडुबाईच्या म्हशीचा तोही माज फुकट गेला.

शनिवारी नायट्रोजनची गाडी आली तेव्हा दीपा संस्थेच्या दारात उभी होती. गाडीवाल्यानं पाईप कॅनमध्ये सोडला आणि सहज बोलून गेला, "तुमचा कॅन लई पितोय, ताई. हंबीररावांच्या काळापासनं असाच हाय. म्हणून तर त्यांनी मागल्या दिवाळीत नवा घेतला संस्थेकडनं."

सकाळची वेळ. दूध घालायला रांग लागली होती. रांगेत नेमगोंडाही होता, दोन किटल्या घेऊन. हंबीरराव आपली गाडी स्टँडवर लावून सचिवांच्या टेबलाशी गप्पा मारत होता.

दीपा आत गेली. "काका, ह्यो कॅन गळतोय, ह्ये तुम्हास्नी म्हाईत हुतं."

हंबीररावानं सावकाश वळून बघितलं. नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं. तो नाही म्हणाला नाही.

"म्हाईत हुतं की. मग?"

"मग सांगितलं का न्हाई?"

"मला कुणी सांगितलं हुतं? मी कामाला लागलो तवा माझ्या वरच्यानं मला असलाच कॅन दिलता. सहा म्हैनं लोकांच्या शिव्या खाल्ल्या, एका पाटलानं काठी घातली पाठीत. तवा कळलं मला कॅन काय असतोय त्ये. आयतं सांगून कोण शिकतंय व्हय? धंद्यात असंच शिकत्यात, पोरी."

"तुम्हास्नी काठी बसली म्हणून धोंडुबाईची म्हस रिकामी ऱ्हायली?"

"आवाज खाली."

"माझ्या आळीतल्या म्हशींनी तुमचं काय घेतलं हुतं?"

सचिव म्हणाले, "दीपाताई, मिटिंगमध्ये विषय घेऊ. आत्ता जरा ॲडजस्ट करा."

दीपानं त्यांच्याकडं बघितलंही नाही. ती बाहेर आली. हंबीररावाच्या गाडीजवळ गेली, कॅनची दोरी सोडू लागली. गाठ घट्ट होती. नखं मोडली, ती दातांनी ओढत राहिली. दोरी सुटली. नवा कॅन भरलेला होता, जड होता. पोटाशी धरून तिनं तो उचलला आणि स्कूटीच्या फळीवर ठेवला. मग पोचे आलेला जुना कॅन हंबीररावाच्या गाडीपाशी आणून मातीत ठेवला. एवढा वेळ कुणी हललं नाही. सगळी रांग गळ्यातल्या टॉवेलाला हात लावून बघत राहिली.

हंबीरराव दारात आला. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. "नेमगोंडा," तो ओरडला, "तुझी पोरगी माझ्या गाडीवरचं सामान काढून न्हेतीया दिवसाढवळ्या. सांग तिला."

सगळ्यांनी नेमगोंडाकडं बघितलं. नेमगोंडानं एक किटली खाली ठेवली, मग दुसरी.

"तूच सांगून बघ," तो म्हणाला. "माझं तर ती ऐकत न्हाय."

कुणीतरी हसलं. हंबीरराव पायरी उतरला, स्कूटीपर्यंत आला. दीपानं हँडल धरलं होतं. ती बाजूला झाली नाही. हंबीररावानं कॅनला हात घातला, दीपानं झाकणावर आपला हात दाबला. तेवढ्यात रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "हंबीरराव, असू दे. माझी म्हस बी खालच्याच आळीत हाय." मग दुसरा म्हणाला, "माझीबी." हंबीररावाचा हात मागं आला.

घरी जेवताना नेमगोंडा एवढंच म्हणाला, "माणसाच्या गाडीवरचं काढून घेतलंस. गावात तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाईस." अक्काताईनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. "मग झाकून घ्या तोंड," ती म्हणाली.

संस्थेची मिटिंग झाली. हंबीररावानं तक्रार घातली होती, दीपाला माफी मागायला सांगितलं गेलं. तिनं मागितली नाही. शेवटी गळक्या कॅनच्या जागी नवा कॅन आणायचं ठरलं, कारण दोन्ही आळ्यांतली दूध घालणारी माणसं दारात येऊन बसली होती. हंबीरराव तिच्याशी पुन्हा बोलला नाही. समोरून आला की गाडीचा हॉर्न दाबून धरायचा, ती वळणाआड जाईपर्यंत.

मिटिंगपेक्षा वाईट होतं ते दारोदार जाणं. जिथं जिथं मेलेल्या कांड्या घातल्या होत्या त्या प्रत्येक दारात दीपा गेली आणि धोंडुबाईला सांगितलं तेच सांगितलं. पुढचा माज आला की बोलवा, म्हणाली. एकानं दार लावून घेतलं. एकीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमचं नुकसान तू भरून देणार हाईस व्हय?" दीपा नाही म्हणाली. देणार कुठून? कट्ट्यावरचे गडी आता लग्नाचं बोलत नव्हते. ते म्हणत होते, हिच्या नादाला लागू नका, सामान काढून न्हेती.

वैशाख संपता संपता धोंडुबाईचा फोन आला. "वरडतीया," एवढंच म्हणून तिनं तो ठेवला. दीपा गेली. कॅन उघडला, धोंडुबाईला जवळ बोलावलं. "बघा. धूर." धोंडुबाईनं वाकून बघितलं, थंडीनं डोळे मिटून मागं सरली. दीपानं काम केलं आणि डोणीतल्या पाण्यानं हात धुऊन निघाली.

म्हैस गाभण आहे की नाही हे बघायला ती गेली तेव्हा आषाढ सरत आला होता. गोठ्यात गुडघाभर चिखल, छपरातून गळत होतं, म्हशीच्या पाठीवरून वाफा निघत होत्या. धोंडुबाई कंदिलासारखी एका जागी उभी होती, डोक्यावर पोतं घेऊन. दीपानं हात आत घातला. कोपर, दंड, खांदा. गाल म्हशीच्या ओल्या मांडीला टेकला. बोटं हळूहळू पुढं सरकली. तिथं काहीतरी होतं. पाण्यानं भरलेल्या छोट्या फुग्यासारखं. बोटांनी ढकललं की दूर जायचं आणि परत येऊन टेकायचं. दीपानं डोळे मिटले, पुन्हा चाचपलं. चूक होऊ नये म्हणून आणखी एकदा.

"बोल की," धोंडुबाई म्हणाली. "का हात आतच ठेवून जेवणार हाईस?"

"गाभण हाय, काकू."

धोंडुबाईनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली, मग तिच्या कानाजवळ तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली. दीपाकडं वळली तेव्हा तिचा चेहरा नेहमीसारखाच आवळलेला होता. "बरं झालं. न्हायतर तुझं काय खरं न्हवतं." आणि मग, जसं काही रोजचंच आहे असं, घरातली कळशी आणून ती दीपाच्या हातांवर पाणी ओतू लागली. पाणी कोमट होतं.

"आमचा यशराज बारावी झाला," ती ओतता ओतता म्हणाली. "कोण म्हणतंय पोलिसात जा, कोण म्हणतंय एमआयडीसीत मशीनवर ऱ्हा. त्येला म्हणं हॉटेलात सैपाक शिकायचाय. गड्यानं सैपाक! तू शिकलेली हाईस. त्यानं काय करावं, सांग बघू."

दीपानं नखांतलं शेण काढलं. कोपर चोळलं. "मला न्हाय म्हाईत, काकू."

"म्हाईत न्हाय? मग शाळंत काय केलंस? तुला कुणी सांगितलं हुतं म्हशीत पडायला?"

"कुणी न्हाय. समदी नकोच म्हणत हुती."

कळशी रिकामी झाली होती. धोंडुबाईनं ती उलटी करून शेवटचा थेंब झटकला आणि कितीतरी वेळ दीपाच्या तोंडाकडं बघत राहिली, बाजारात जनावराचे दात बघावेत तसं.

"असं हाय व्हय," ती म्हणाली. "मग मीबी त्याला नको म्हणतो. चांगलं दणकून नको म्हणतो. बघू काय करतंय त्ये."